‘एबल टू’ बिनचूक कसे लिहावे: अर्ज, ईमेल आणि पाहुण्यांची उत्तरे लिहिणाऱ्यांसाठी

गुहागर, मालवण, दापोली, अलिबाग या पट्ट्यात इंग्रजीत चार ओळी लिहिण्याची वेळ आता जवळजवळ प्रत्येकावर येते. होमस्टे चालवणाऱ्याला परप्रांतातल्या पाहुण्याला उत्तर द्यायचे असते, बागायतदाराला हापूसची पेटी उशिरा निघाल्याचे ग्राहकाला कळवायचे असते, जहाजावर नोकरीला जाऊ पाहणाऱ्या मुलाला मुंबईतल्या कंपनीकडे अर्ज करायचा असतो. या सगळ्या लेखनात ‘जमेल’, ‘जमले नाही’, ‘शक्य होईल’ हे सांगावेच लागते आणि नेमका तिथेच ‘एबल टू’ हा शब्दप्रयोग घसरतो. अशी पत्रे तपासताना मला असे दिसते की लिहिणाऱ्याला हा शब्दप्रयोग माहीत असतो, त्याचा अर्थही माहीत असतो, पण वाक्य बांधण्याचा क्रम चुकतो. ‘एबल’ आधी लिहिले जाते आणि बाकीचे शब्द मागाहून त्याच्याभोवती बसवले जातात. क्रम उलटा हवा: आधी अर्थ ठरवावा, मग कर्ता, मग काळ, आणि त्यानंतरच हा शब्दप्रयोग वाक्यात आणावा. पुढचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. मधला टप्पा गाळून पुढे जाऊ नये.

तयारी: आधी पूर्ण मराठी वाक्य

इंग्रजी वाक्य लिहिण्यापूर्वी कागदावर मराठी वाक्य पूर्ण लिहावे. ‘जमले नाही’ एवढे टिपण पुरत नाही. ‘काल संध्याकाळी मला चिपळूण स्टेशनवर वेळेत पोहोचता आले नाही’ असे संपूर्ण वाक्य लिहावे, कारण कोणाला, केव्हा आणि काय जमले नाही या तिन्ही गोष्टी इंग्रजीत लागणारच आहेत. मग त्या वाक्यात तीन खुणा कराव्यात. ज्याच्या क्षमतेविषयी बोलतो आहोत त्याच्याखाली रेघ ओढावी, वेळ सांगणाऱ्या शब्दाभोवती गोल करावा आणि क्षमता सांगणाऱ्या क्रियापदाखाली दुहेरी रेघ द्यावी.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. मराठीत क्षमता सांगताना कर्ता पुष्कळदा ‘मला’, ‘आम्हाला’, ‘माझ्याच्याने’ अशा रूपात येतो: मला पोहता येते, आम्हाला यायला जमणार नाही, माझ्याच्याने चढवत नाही. इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी साधा ‘आय’ किंवा ‘वी’ हाच कर्ता घ्यायचा असतो. ‘टू मी इट इज नॉट एबल टू कम’ अशी वाक्ये मराठीतले ‘मला’ तसेच पुढे नेल्यामुळे तयार होतात. रेघ ओढलेल्या शब्दाचे आधी ‘मी’, ‘आम्ही’, ‘ती’, ‘ते’ असे साधे रूप करून घेतले की ही अडचण उरत नाही.

टप्पा १: ही क्षमता आहे, की परवानगी, की नुसती शक्यता?

मराठीतले ‘शकणे’ फार मोठे क्षेत्र व्यापते. ‘तो पोहू शकतो’, ‘तुम्ही आता जाऊ शकता’, ‘आज दरड कोसळू शकते’ या तिन्ही वाक्यांत क्रियापद एकच आहे, पण पहिल्यात क्षमता आहे, दुसऱ्यात परवानगी आणि तिसऱ्यात शक्यता. ‘एबल टू’ हे फक्त पहिल्या प्रकारासाठी आहे. क्षमता म्हणजे अंगातले बळ किंवा शिकलेले कसब एवढेच नव्हे. परिस्थितीमुळे एखादी गोष्ट करता येणे किंवा न येणे हेही तिच्यात येते. रस्ता बंद असल्यामुळे पोहोचता न येणे हे ‘एबल टू’च्याच कक्षेत आहे.

परवानगीच्या ठिकाणी हा शब्दप्रयोग वापरला की अर्थ कसा बिघडतो, हे मासेमारीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै या काळात समुद्रात मासेमारी करण्यास बंदी असते. हे सांगताना ‘ड्युरिंग धिस पिरियड मेकॅनाइज्ड बोट्स आर नॉट एबल टू फिश’ असे लिहिले, तर नौका निकामी झाल्या आहेत किंवा समुद्र खवळल्यामुळे त्यांना मासे धरणे जमत नाही, असा समज होतो. नौका आणि खलाशी दोघेही सक्षम आहेत. त्यांना अडवतो तो नियम. म्हणून ‘आर नॉट अलाउड टू फिश’ असेच लिहिले पाहिजे. होमस्टेच्या नियमांतही हेच तत्त्व लागू होते. ‘गेस्ट्स आर नॉट एबल टू कुक इन द रूम’ याचा अर्थ पाहुण्यांना स्वयंपाक येत नाही किंवा खोलीत शेगडी नाही असा होऊ शकतो. मनाई सांगायची असेल तर ‘कुकिंग इन द रूम इज नॉट अलाउड’ असे लिहावे.

शक्यतेच्या वाक्यात चूक आणखी ठळक दिसते. ‘पावसात वीज जाऊ शकते’ याचे ‘इन द रेन्स द पॉवर इज एबल टू गो’ असे कधीही करू नये. ‘द पॉवर मे गो ऑफ’ हे योग्य आहे. ‘मुसळधार पावसाने दरड कोसळू शकते’ यासाठी ‘हेवी रेन कॅन कॉज लँडस्लाइड्स’ पुरेसे आहे.

तपासणी: दुहेरी रेघ दिलेल्या क्रियापदाच्या जागी ‘करण्याची परवानगी आहे’ किंवा ‘होण्याचा संभव आहे’ हे घालून पाहावे. यांपैकी काही चपखल बसले, तर ‘एबल टू’चा विचार इथेच सोडून द्यावा.

टप्पा २: कर्ता ‘एबल’ असू शकतो का?

हा शब्दप्रयोग माणसांना सहज लागतो, प्राण्यांना लागतो, आणि बँक, कंपनी, ग्रामपंचायत यांसारख्या संस्थांनाही लागतो, कारण त्यांच्यामागे माणसेच असतात. निर्जीव वस्तूंना तो लावला की वाक्य अवघडते. ‘द टँक इज एबल टू होल्ड वन थाउजंड लिटर्स’ यापेक्षा ‘द टँक कॅन होल्ड वन थाउजंड लिटर्स’ हे नैसर्गिक आहे.

याहून अधिक आढळणारी चूक कर्मणी वाक्यात होते. आंब्याच्या हंगामात ग्राहकांना जाणाऱ्या संदेशांत ‘युअर पार्सल वॉज नॉट एबल टू बी सेंट’ हे वाक्य मी सारखे पाहतो. पार्सल काही करत नसते. पाठवणारे आपण असतो. अशा वेळी दोन मार्ग आहेत. जबाबदारी घेऊन लिहायचे असेल तर माणसाला कर्ता करावे: ‘वी वेअर नॉट एबल टू सेंड युअर पार्सल ऑन मंडे.’ वस्तूलाच पुढे ठेवायचे असेल तर ‘युअर पार्सल कुड नॉट बी सेंट ऑन मंडे’ असे लिहावे. ग्राहकाला कळवताना मी पहिला मार्ग सुचवतो, कारण त्यात कोणी तरी उत्तर देत आहे असे वाचणाऱ्याला जाणवते.

इशारा: ‘एबल टू’च्या लगेच पुढे ‘बी’ आले आणि त्यापुढे ‘सेंट’, ‘पेड’, ‘रिपेअर्ड’ असे रूप आले, तर वाक्य थांबवून कर्ता बदलावा.

टप्पा ३: काळ ‘बी’च्या रूपात बसवावा

‘एबल’ हे क्रियापद नाही, विशेषण आहे. त्यामुळे त्याला काळ लागत नाही आणि ते स्वतः वाक्य उभे करू शकत नाही. वाक्य उभे राहते ते ‘बी’च्या रूपावर. मराठी वाक्यात ज्या शब्दाभोवती गोल केला आहे, तो पाहून हे रूप निवडावे. आज, सध्या असेल तर ‘ॲम’, ‘इज’, ‘आर’. काल, गेल्या वर्षी असेल तर ‘वॉज’, ‘वेअर’. उद्या, पुढच्या महिन्यात असेल तर ‘विल बी’. सोमवारपासून आजपर्यंत असेल तर ‘हॅव बीन’ किंवा ‘हॅज बीन’. ‘मे’, ‘माइट’, ‘शुड’, ‘वुड’ यांच्यानंतर नुसते ‘बी’ येते: ‘वी मे बी एबल टू कम.’

कोकणातच नव्हे, महाराष्ट्रभर सर्वाधिक आढळणाऱ्या तीन चुका याच टप्प्यावर होतात, म्हणून त्या सुट्या सुट्या पाहू.

पहिली चूक म्हणजे ‘कॅन एबल टू’ आणि तिचे भावंड ‘कुड एबल टू’. ‘कॅन’मध्ये क्षमता आहे आणि ‘एबल’मध्येही क्षमता आहे, दोन्ही एकत्र आले की क्षमता दोनदा सांगितली जाते आणि ‘बी’ची जागा रिकामीच राहते. ‘आय कॅन स्विम’ लिहावे किंवा ‘आय ॲम एबल टू स्विम’ लिहावे. काहीजण दुरुस्ती म्हणून ‘कॅन बी एबल टू’ असे करतात. तेही चूकच आहे.

दुसरी चूक ‘बी’ गाळण्याची आहे: ‘आय एबल टू स्पीक इंग्लिश’, ‘वी विल एबल टू रीच’. भविष्यकाळात ही चूक डोळ्यांतून सहज निसटते, कारण ‘विल’ लिहिल्यामुळे काळाचे काम झाले असे वाटते. ‘विल’ आणि ‘एबल’ यांच्यामध्ये ‘बी’ असलेच पाहिजे.

तिसरी चूक प्रश्नात आणि नकारात होते: ‘डिड यू एबल टू कम?’, ‘आय डिड नॉट एबल टू कम’, ‘आय डोन्ट एबल टू’. इतर क्रियापदांच्या सवयीने इथे ‘डू’ आणि ‘डिड’ मदतीला बोलावले जातात. ‘बी’ला ती मदत लागत नाही. ते स्वतःच कर्त्याच्या आधी जाऊन प्रश्न करते आणि स्वतःच ‘नॉट’ घेते: ‘वेअर यू एबल टू कम?’, ‘आय वॉज नॉट एबल टू कम.’

तपासणी: वाक्यातल्या ‘एबल’वर बोट ठेवून डावीकडे सरकावे. ‘नॉट’, ‘फायनली’, ‘ऑल्सो’, ‘हार्डली’ असे शब्द आणि प्रश्नात मध्ये येणारा कर्ता सोडले तर लागूनच ‘ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बी, बीन’ यांपैकी एक मिळाले पाहिजे. मिळाले नाही, तर वाक्य अपुरे आहे.

टप्पा ४: ‘टू’च्या पुढे मूळ क्रियापद

हा टप्पा छोटा आहे. ‘टू’नंतर क्रियापदाचे मूळ रूप येते, कर्ता ‘ती’ असो की ‘ते’, काळ कालचा असो की उद्याचा, ते रूप बदलत नाही. ‘शी इज एबल टू गोज’, ‘वी वेअर एबल टू सेंट’, ‘ही इज एबल टू ड्रायव्हिंग’ ही तिन्ही वाक्ये चूक आहेत. काळ आधीच ‘बी’ने घेतलेला आहे, तो पुन्हा पुढच्या क्रियापदावर लादू नये. आणखी एक म्हणजे हे ‘टू’ दोन अक्षरी आहे, टी आणि ओ. ‘सुद्धा’ या अर्थाचे तीन अक्षरी ‘टू’ इथे येत नाही. मोबाइलवर घाईने टाइप करताना ही गफलत वारंवार होते आणि स्पेलिंग तपासणारे सॉफ्टवेअर ती पकडेलच असे नाही, कारण दोन्ही शब्द आपापल्या जागी बरोबर असतात.

टप्पा ५: घडून गेलेल्या गोष्टीत ‘कुड’ की ‘वॉज एबल टू’?

सर्वाधिक वेळ इथे द्यावा, कारण इथली चूक व्याकरणात दिसत नाही, अर्थात दिसते, आणि ती नुकसानही करू शकते.

भूतकाळातली क्षमता दोन प्रकारची असते. एक, पूर्वी अंगात असलेली सर्वसाधारण क्षमता: आजोबा सत्तरीतही माडावर चढू शकत. दुसरी, एका विशिष्ट प्रसंगी प्रत्यक्ष साधलेली गोष्ट: त्या दिवशी आम्हाला कागदपत्रे वर हलवता आली. पहिल्या प्रकारात ‘कुड’ चालते: ‘माय ग्रँडफादर कुड क्लाइम्ब अ कोकोनट पाम इव्हन ॲट सेव्हन्टी.’ दुसऱ्या प्रकारात, वाक्य होकारार्थी असेल तर, ‘वॉज एबल टू’ किंवा ‘वेअर एबल टू’च लिहावे.

याचे कारण एखाद्या विमा दाव्याच्या अर्जातून नीट कळते. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणला महापूर आला, तेव्हा अनेक दुकानांत आणि कार्यालयांत पाणी शिरले. समजा अशा दुकानाचा मालक लिहितो: ‘वी कुड मूव्ह द अकाउंट बुक्स टू द फर्स्ट फ्लोअर.’ त्याला म्हणायचे आहे की वह्या वर नेता आल्या आणि त्या वाचल्या. पण ‘कुड’ने ही गोष्ट झाली असे ठामपणे सांगितले जात नाही. वह्या हलवणे शक्य होते एवढेच त्यातून कळते. प्रत्यक्षात हलवल्या की नाहीत, हा प्रश्न वाचणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनात उरतो. हेच ‘वी वेअर एबल टू मूव्ह द अकाउंट बुक्स टू द फर्स्ट फ्लोअर’ असे लिहिले की काम झाले, हे निर्विवाद होते. ‘कुड हॅव मूव्ह्ड’ लिहिले तर अर्थ आणखी उलटतो: हलवता आल्या असत्या, पण हलवल्या नाहीत. तीन वाक्ये दिसायला शेजारची आहेत आणि दाव्याच्या दृष्टीने तिन्हींचा अर्थ वेगळा आहे.

काम कष्टाने पार पडले हे दाखवायचे असेल तर ‘मॅनेज्ड टू’ हा आणखी नेमका पर्याय आहे: ‘वी मॅनेज्ड टू मूव्ह द बुक्स बिफोर द वॉटर केम इन.’ त्यात धडपड दिसते, ‘वेअर एबल टू’मध्ये फक्त यश दिसते.

या नियमाला दोन सवलती आहेत आणि त्या न कळल्यामुळे काहीजण उगाच सगळीकडे ‘वॉज एबल टू’ भरतात. पहिली सवलत दिसणे, ऐकू येणे, वास येणे, जाणवणे, समजणे, आठवणे अशा क्रियापदांची: तिथे एका प्रसंगासाठीही ‘कुड’च नैसर्गिक वाटते. ‘फ्रॉम द टेरेस वी कुड सी द वॉटर रायझिंग’ हे उत्तम वाक्य आहे. दुसरी सवलत नकाराची. न जमलेल्या गोष्टीत ‘कुड नॉट’ आणि ‘वॉज नॉट एबल टू’ दोन्ही चालतात, कारण न झालेल्या गोष्टीत झाली की नाही हा संशय राहत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाविषयी कोणी ‘वी कुड नॉट कॉन्टॅक्ट अवर रिलेटिव्ह्ज फॉर सेव्हरल डेज’ लिहिले किंवा ‘वी वेअर नॉट एबल टू कॉन्टॅक्ट’ लिहिले, तरी दोन्ही बरोबर आहेत.

तपासणी: होकारार्थी वाक्यात ‘कुड’ लिहिले असेल तर स्वतःला विचारावे, ‘ही एकदाच घडलेली गोष्ट आहे का, आणि ती खरोखर घडली का?’ दोन्ही उत्तरे ‘होय’ असतील आणि क्रियापद पाहण्या-ऐकण्याचे नसेल, तर ‘कुड’ काढावे.

टप्पा ६: उद्या जमेल का, आणि अजून जमलेले नाही

‘कॅन’ला स्वतःचे भविष्यकाळी रूप नाही, ‘विल कॅन’ असे इंग्रजीत होत नाही. ती उणीव ‘विल बी एबल टू’ भरून काढते. आज नसलेली क्षमता पुढे येणार असेल तिथे तेच हवे: ‘आफ्टर द कोर्स शी विल बी एबल टू डाइव्ह.’ मात्र आजच ठरवून टाकलेल्या उद्याच्या गोष्टीला ‘कॅन’ पुरते: ‘आय कॅन मीट यू ॲट द जेटी टुमॉरो.’ पाहुण्यांना नकार कळवताना ‘विल नॉट बी एबल टू’ हे रूप फार उपयोगी पडते. पावसाळ्यात मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणारी होडी बंद असते. जुलैमध्ये येऊ इच्छिणाऱ्याला ‘यू विल नॉट बी एबल टू व्हिजिट द फोर्ट इन जुलै, ॲज द बोट्स डू नॉट रन इन द मॉन्सून’ असे लिहिले की कारणासह नकार सौम्यपणे पोहोचतो.

अट असलेल्या वाक्यात ‘इफ’च्या बाजूला ‘विल’ घालू नये. ‘इफ द घाट रोड इज ओपन, वी विल बी एबल टू रीच बाय नून’ हे बरोबर. ‘इफ द घाट रोड विल बी ओपन’ हे चूक.

रजेच्या अर्जात ‘वॉज नॉट’ आणि ‘हॅव नॉट बीन’ यांची अदलाबदल करू नये. ‘आय वॉज नॉट एबल टू अटेंड ऑफिस ऑन मंडे’ म्हणजे तो सोमवार संपला. ‘आय हॅव नॉट बीन एबल टू अटेंड ऑफिस सिन्स मंडे’ म्हणजे अडचण आजही चालू आहे. आजारपण अजून चालू असताना पहिले वाक्य लिहिले, तर साहेब दुसऱ्या दिवशी हजर होण्याची अपेक्षा करतील.

टप्पा ७: ‘नॉट’ची जागा, आणि ‘अनेबल’ व ‘इनेबल’

‘नॉट’ पहिल्या सहायक शब्दाच्या लगेच नंतर येते: ‘विल नॉट बी एबल टू’, ‘हॅव नॉट बीन एबल टू’. ‘विल बी नॉट एबल टू’ लिहू नये. ‘अनेबल टू’ हा औपचारिक पर्याय आहे आणि त्याच्याआधीही ‘बी’ लागतेच: ‘आय ॲम अनेबल टू अटेंड.’ अर्जात तो शोभतो. पाहुण्याला रोजच्या संदेशात ‘नॉट एबल टू’ बरे वाटते. दोन्हींच्या तुलनेत नुसते ‘वी कॅनॉट गिव्ह’ तुटक वाटते.

इशारा: यू-एन ने सुरू होणारे ‘अनेबल’ म्हणजे असमर्थ, आणि ई-एन ने सुरू होणारे ‘इनेबल’ म्हणजे समर्थ करणे. ‘आय ॲम इनेबल टू अटेंड’ ही चूक अर्जांत सर्रास दिसते आणि तिच्यामुळे वाक्याला अर्थच उरत नाही. ‘इनेबल’ हे क्रियापद आहे आणि त्याला कर्म लागते. ‘द ब्रिज विल इनेबल टू रीच द मार्केट’ अपुरे आहे. ‘विल इनेबल अस टू रीच द मार्केट’ असे हवे.

टप्पा ८: शेजारचे शब्द

‘केपेबल’च्या मागून ‘ऑफ’ आणि ‘आयएनजी’चे रूप येते: ‘शी इज केपेबल ऑफ रनिंग द किचन.’ ‘एबिलिटी’च्या मागून ‘टू’ आणि मूळ क्रियापद येते: ‘द एबिलिटी टू स्विम’. ‘द एबिलिटी ऑफ स्विमिंग’ मात्र टाळावे. शिकलेल्या कसबासाठी ‘आय नो हाउ टू स्विम’ किंवा ‘आय कॅन स्विम’ लिहावे.

नामाच्या आधी येणारे ‘एबल’ निराळे आहे. ‘ॲन एबल ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणजे कर्तबगार प्रशासक. मर्चंट नेव्हीत ‘एबल सीमन’ हे पद आहे आणि कोकणातल्या अनेक घरांत ते कोणी ना कोणी भूषवलेले असते. बायोडेटात ते पद म्हणूनच लिहावे, ‘आय वर्क्ड ॲज ॲन एबल सीमन’, आणि त्यापुढे ‘टू’ जोडून वाक्य वाढवू नये.

टप्पा ९: पूर्ण पत्रावर हे सगळे वापरून पाहणे

समजा गुहागरच्या एका होमस्टेतून पाहुण्याला असा संदेश जाणार आहे:

‘डिअर सर, वी कॅन नॉट एबल टू गिव्ह यू द रूम ऑन फोर्टीन्थ मे. द ओल्ड गेस्ट्स डिड नॉट एबल टू लीव्ह, बिकॉज देअर ट्रेन वॉज कॅन्सल्ड. युअर ॲडव्हान्स इज एबल टू बी रिटर्न्ड. बट यस्टरडे वी कुड अरेंज अ रूम इन अवर कझिन्स हाउस. फ्रॉम देअर यू आर एबल टू वॉकिंग टू द बीच. यू विल एबल टू पार्क इनसाइड, बट यू आर नॉट एबल टू स्मोक इन द हाउस. प्लीज टेल, यू आर एबल टू कम?’

पहिल्या वाक्यात क्षमता दोनदा आली आहे आणि तारीख पुढची आहे, म्हणून भविष्यकाळ घ्यावा: ‘वी आर सॉरी, बट वी विल नॉट बी एबल टू गिव्ह यू द रूम ऑन फोर्टीन्थ मे.’ दुसऱ्या वाक्यात ‘डिड’ निघून जाईल. पाहुणे अजून घरातच आहेत, त्यामुळे ‘हॅव नॉट बीन’ बसेल. ‘ओल्ड गेस्ट्स’ म्हणजे वयस्क पाहुणे असेही वाचले जाते, म्हणून ‘प्रीव्हियस’ घ्यावे: ‘द प्रीव्हियस गेस्ट्स हॅव नॉट बीन एबल टू लीव्ह, बिकॉज देअर ट्रेन वॉज कॅन्सल्ड.’

तिसऱ्या वाक्याचा कर्ता ‘ॲडव्हान्स’ आहे, म्हणून दुसऱ्या टप्प्याचा इशारा लागू होतो: ‘वी कॅन रिटर्न युअर ॲडव्हान्स.’ चौथे वाक्य व्याकरणाने बरोबर दिसते, पण खोली मिळाली की नुसती मिळण्यासारखी होती, हे पाहुण्याला कळणार नाही. पैसे मागे घ्यायचे की यायचे, हे तो त्यावरच ठरवणार आहे. ‘यस्टरडे वी वेअर एबल टू अरेंज अ रूम इन अवर कझिन्स हाउस’ असे लिहिले की संशय मिटतो.

पाचव्या वाक्यात ‘वॉकिंग’ चूक आहे, आणि रोजच्या साध्या गोष्टीला ‘कॅन’च बरे: ‘फ्रॉम देअर यू कॅन वॉक टू द बीच.’ गाडी लावणे आणि धूम्रपान या दोन्ही परवानगीच्या गोष्टी आहेत, तेव्हा तिथे ‘एबल’ नकोच: ‘यू कॅन पार्क इनसाइड, बट स्मोकिंग इज नॉट अलाउड इन द हाउस.’ शेवटचा प्रश्न विनंतीच्या पोटात घालावा. तसे करताना शब्दांचा क्रम प्रश्नाचा न राहता साध्या विधानाचा होतो, म्हणजे ‘व्हेदर विल यू’ न लिहिता ‘व्हेदर यू विल’ लिहायचे: ‘प्लीज लेट अस नो व्हेदर यू विल बी एबल टू कम.’

मूळ संदेशात ‘एबल’ सात वेळा होते. दुरुस्त संदेशात ते चार वेळा उरले, आणि त्या चारांपैकी एक, खोली मिळाल्याचे सांगणारे, मुळात नव्हतेच. ते नव्याने घालावे लागले. पाठवण्यापूर्वी त्या चारही ‘एबल’वर तिसऱ्या टप्प्यातली बोट ठेवून डावीकडे पाहण्याची तपासणी करावी: ‘बी’, ‘बीन’, ‘वेअर’, ‘बी’. चारही जागा भरलेल्या दिसल्या की संदेश पाठवावा.